सहा कड्यांचा खांब

९ फेब्रुवारी

काका,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही म्हणाल, गरज पडल्याशिवाय हिला काका आठवत नाही. खरं आहे. गरज पडली आहे.

बाबांनी चोवीस वर्षं, दर महिन्याला एकदा, खाडीच्या मुखाशी त्या जुन्या लोखंडी खांबाजवळ जाळं टाकलं आणि त्यात आलेला प्रत्येक मासा ओळखून, मोजून वहीत लिहिला. गेली आठ वर्षं तेच काम मी करते आहे. खाडीतले मासे बदलतात ते काही पाटी बदलल्यासारखे नाही. एक जात हळूहळू विरळ होते, दुसरी हळूहळू पाय रोवते, आणि हे दोन-चार वर्षांत कुणाच्याही लक्षात येत नाही. बत्तीस वर्षांच्या वह्या समोर असल्या तरच दिसतं. म्हणून त्या वह्यांना किंमत आहे.

आता आमच्या मत्स्य-संशोधन केंद्राने तिघांची समिती नेमली आहे. बाबांच्या वह्या अधिकृत नोंद म्हणून जपायच्या की बाद ठरवायच्या, हे ती दहा मार्चला ठरवणार. अडचण नवव्या वहीची आहे. त्या वर्षी जानेवारीपासून खुल्या समुद्रातले मासे महिन्यागणिक वाढत जातात, सप्टेंबरात कळस गाठतात आणि डिसेंबरात सगळं एकदम पूर्वीसारखं. समितीत एक आकडेवाले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "खाडी अशी वर्षभर माहेरी राहून परत येत नाही." त्यांच्या मते ती वही घरी बसून लिहिलेली आहे. आणि एक वही खोटी ठरली तर बाकीच्या तेवीसांवर कोण विश्वास ठेवणार?

मी त्यांच्याशी भांडले असते. पण त्यांनी मला लेखी विचारलं आहे : त्या वर्षाबद्दल तुम्हाला स्वतःला काही ठाऊक आहे का?

काका, मला ठाऊक आहे. मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या वर्षी नोव्हेंबरपर्यंत बाबा घरीच होते. मी शाळेतून आले की ते खाटेवर टेकून बसलेले असायचे, खाटेखाली माशांच्या काचेच्या बरण्या, खोलीभर मासे टिकवायच्या औषधाचा तो उग्र वास. 'कचेरीने घरी बसून लिहायचं काम दिलंय,' असं आई सांगायची. आणि वहीत मात्र 'जाळे टाकणारा' या रकान्यात अकरा महिने त्यांचीच सही आहे.

जुन्या बरण्या समोर ठेवून त्यांनी आकडे रचले असतील का? हे मी कुणाला बोललेले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तुम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत, म्हणून तुम्हाला विचारते : मी काय उत्तर देऊ?

तुमची,
निवटी

(बाबा गेल्यापासून या नावाने कुणी हाक मारत नाही. चिखलात उड्या मारणाऱ्या त्या माशाचं नाव त्यांनी मला का दिलं, हे आमची अंगणं पाहिलेल्यांना सांगायला नको.)


१३ फेब्रुवारी

निवटी,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात एक निरीक्षण आहे, एक अनुमान आहे आणि एक भीती आहे. तिन्हींची तू मोट बांधली आहेस. ती आधी सोडवू.

निरीक्षण असे की तुझे वडील त्या वर्षी दिवसा घरी दिसत. ते मी मान्य करतो. अनुमान असे की म्हणून ते होडीवर गेले नाहीत. हेही वादापुरते मान्य करू. परंतु तेथून 'आकडे रचले' येथवर जो पूल तू बांधला आहेस, त्याला मधले खांब नाहीत. जो माणूस स्वतः विहिरीवर गेला नाही, त्याच्या घरातले पाणी खोटे ठरत नाही. ते कोणी तरी आणलेले असू शकते.

उरली भीती. तिला उत्तर देणे हे तर्कशास्त्राचे काम नव्हे. परंतु चोवीस वर्षे बोटाएवढा मासाही दोनदा मोजणारा माणूस एका वर्षापुरता लबाड झाला, असे म्हणायला बरण्यांच्या वासाहून अधिक पुरावा लागतो.

समितीला तू जे डोळ्यांनी पाहिलेस तेवढेच लिहावेस. काय झाले असेल, ते लिहू नये. साक्षीदाराने निकाल देऊ नये, हा नियम फार जुना आहे आणि फार थोडे लोक तो पाळतात.

वहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव.

काका


१८ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा धीर आला, दुसऱ्यांदा मी विद्यार्थिनी झाले आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की तुम्ही एका प्रश्नाला शिताफीने बगल दिली आहे. 'ते कोणी तरी आणलेले असू शकते' असं तुम्ही लिहिता. कोणी? त्या वर्षी तुम्ही दर महिन्याला आमच्याकडे येत होता. दुपारी जेवायला थांबायचात आणि मला गणितं घालायचात. बाबांच्या खोलीचं दार लावून दोघं तासभर बसायचात. म्हणजे मी जेवढं पाहिलं त्याहून तुम्ही जास्त पाहिलं आहे. मग साक्षीदार मी एकटीच कशी?

आईला विचारलं. ती म्हणाली, "झालं गेलं. तुझ्या काकालाच विचार." आणि गुडघ्याला तेल लावत बसली. गुडघा बरा आहे.

मी नववी वही पुन्हा ओळीने वाचली. एक गोष्ट सांगते, म्हणजे माझी भीती कुठून येते ते कळेल. बाबांचा एक नियम होता आणि तो मीही पाळते : ओहोटी पूर्ण होऊन पाणी उभं राहिलं की मगच जाळं टाकायचं. भरतीच्या पाण्याबरोबर समुद्रातले मासे आत येतात आणि ओहोटीबरोबर परत जातात. तेव्हा खाडीचे स्वतःचे मासे कोणते हे बघायचं असेल तर पाहुणे निघून गेल्यावरच घरात डोकवावं लागतं. ती वेळ रोज पुढे सरकते. एक तारखेला सकाळी सातला ओहोटी पूर्ण झाली, तर दुसऱ्या दिवशी जवळपास आठ वाजतील आणि पुढच्या एक तारखेला आणखी निराळी वेळ असेल. बाबा तर इतके काटेकोर की वहीत वेळेचा रकानाच नाही. वेळ लिहायची कशाला, पाणी उभं असणारच!

आणि त्या वर्षी नेमके पाहुणेच घर भरून. जून-जुलैपासून खुल्या पाण्यातली मांदेली जाळ्यात मावत नाही. तळाशी चिखलात राहणारा लेप, खाडीचा जुना रहिवासी, दोन आणि तीन. बाबांनी जाळं टाकलं असतं तर असं दिसलं नसतं. काका, मला दुसरा अर्थ लागत नाही.

समितीला मी खरं तेच लिहिणार. वडिलांसाठी खोटं बोलले तर त्यांनीच मला शिकवलेलं सगळं खोटं होईल. पण लिहिण्याआधी तुम्हाला जे माहीत आहे ते मला हवं आहे. दोन मार्चपर्यंत वाट बघेन.

निवटी


२४ फेब्रुवारी

निवटी,

समितीला अद्याप काही लिहू नकोस. मला माळ्यावरच्या पेट्या उतरवायच्या आहेत. त्यासाठी शेजाऱ्यांची शिडी आणि माझे गुडघे, दोन्ही उपलब्ध व्हावे लागतात.

काका


२८ फेब्रुवारी

निवटी,

सोबतच्या पुडक्यात अकरा कागद आहेत. आधी ते बाजूला ठेव आणि पत्र वाच. क्रम महत्त्वाचा आहे.

त्या वर्षी जाळे मी टाकले.

त्याआधीच्या डिसेंबरात दादाच्या कानात दोष झाला. उभे राहिले की त्याला सारे जग फिरते आहे असे वाटे. वर्षभर होडीत पाय ठेवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. कचेरीला हे कळले असते तर त्याला आतल्या टेबलावर बसवून खाडीची नोंद बंद केली असती. तो लिखाण घरून करतो, एवढेच त्यांना ठाऊक होते; होडीसाठी दुसरा माणूस द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्याने मला बोलावले आणि म्हणाला, "आठ वर्षं झाली. एक वर्ष तुटलं तर पुढचं जोडता येणार नाही." घरी किंवा बाहेर कोणालाही सांगणार नाही, असे वचन त्याने माझ्याकडून घेतले. घरी सांगायचे नव्हते, कारण मला पोहता येत नाही आणि वहिनींनी मला धक्क्यापर्यंतही जाऊ दिले नसते. बाहेर का नाही, ते उघड आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला मी पहाटेच्या गाडीने यायचो आणि म्हाताऱ्या नावाड्याबरोबर खांबापर्यंत जायचो. जाळ्यात आलेले सर्व बरण्यांत भरून दादाच्या खोलीत आणायचो. मासे तोच ओळखायचा आणि तोच मोजायचा. दार त्यासाठी लावलेले असे. सबब, वहीतील प्रत्येक मासा खरा आहे आणि त्याचे नावही खरे आहे. खोटी आहे ती सही. तिचे समर्थन मी करणार नाही, तूही करू नकोस. ज्याला एवढ्या गोष्टी अचूक मोजता येत होत्या, त्याने ती अकरा वेळा केली.

माझे पहिले पत्र वचनाच्या आडून लिहिलेले होते. मी त्यात असत्य एकही वाक्य लिहिले नाही आणि तरीही ते पत्र प्रामाणिक नव्हते. हा प्रकार मी विद्यार्थ्यांना चाळीस वर्षे शिकवला. स्वतः करताना ओळखायला तुझे पत्र लागले. जिवंत मुलीची झोप आणि गेलेल्या भावाला दिलेला शब्द यांत कोणाचे पारडे जड, हे मला ठरवता आले नाही असे नाही. ठरवायला मी पाच दिवस अधिक घेतले.

आता दुसरी गोष्ट. ती मला तुझे अठरा तारखेचे पत्र वाचेपर्यंत ठाऊक नव्हती.

दादाने मला एक चिठ्ठी लिहून दिली होती, ती वरच्या कागदाला टाचली आहे. 'एक तारीख. सकाळी सात. लोखंडी खांब. जाळे पंधरा मिनिटे.' त्या जानेवारीच्या एक तारखेला ओहोटी सातला पूर्ण होणार होती, म्हणून त्याने सात लिहिले; पुढची वेळ पाण्यावरून ठरते, हे सांगावे लागेल असे त्याला वाटले नसावे. मी नोव्हेंबरपर्यंत, अकरा महिने सात पाळले; डिसेंबरात दादा स्वतः पुन्हा होडीवर गेला. त्याने चार-पाच महिन्यांनी एकदा विचारले होते, "ठरल्याप्रमाणे चाललंय ना?" मी म्हणालो, "एका मिनिटाचाही फरक नाही." तो निश्चिंत झाला. मला वाटते, यापुढचे सारे त्याला खाडीचेच वागणे वाटले असावे.

तो नावाडी मात्र सुरुवातीपासून कुरकुरत होता. एकदा म्हणाला, "साहेब, माशांच्या मनगटाला घड्याळ नसतं." मला ती अडाण्याची थट्टा वाटली. मी त्याला लेखी सूचनेचे महत्त्व समजावून सांगितले. वल्हवणारा तो, व्याख्यान देणारा मी आणि मध्ये चढते पाणी. आज मला त्याची क्षमा मागायची आहे आणि तो हयात नाही.

म्हणजे आकडेवाले गृहस्थ म्हणतात ते अर्धे बरोबर आहे. वही घरी रचलेली नाही, परंतु ती खाडीची नोंदही नाही. ती माझ्या घड्याळाची नोंद आहे. दादाचे एक वर्ष वाचवायला मी गेलो आणि तेच बुडवून आलो. हे कागद तुला देण्याचे कारण इतकेच की दोष ज्याचा, त्याच्या नावावर पडावा. ती मी दर खेपेनंतर माझ्यापुरती केलेली टिपणे आहेत, दादाला कधी दाखवली नाहीत. टिपणे ठेवण्याची माझी ही सवय घरात सर्वांच्या चेष्टेचा विषय होती. त्यात मी जे दिसले आणि ऐकू आले ते सारे लिहिले आहे, नावाड्याची बडबडसुद्धा. त्याचा उपयोग काय, ते मला माहीत नाही.

समितीला हे पत्र दाखवायला माझी हरकत नाही.

काका


११ मार्च

काका,

काल सही झाली. बाबांच्या चोवीसच्या चोवीस वह्या राहिल्या. आधी हे लिहिलं, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. तसे तुम्ही सगळंच शांतपणे वाचता, पण मी शांतपणे लिहू शकेन.

तुमच्या अकरा कागदांचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत. पहिल्या कागदावर तुम्ही लिहिलं आहे : 'नावाडी म्हणतो, आज सहाही कड्या उघड्या.' मेमध्ये : 'तीन कड्या बुडाल्या. नावाडी नाखूश.' सप्टेंबरमध्ये : 'एकच कडी पाण्यावर. होडी तिलाच बांधली. नावाडी माझ्याशी बोलत नाही.' काका, त्या खांबाला होड्या बांधायच्या सहा कड्या आहेत, एकाखाली एक. पाणी किती चढलं होतं, हे तुम्ही दर महिन्याला मोजून ठेवलंत आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही!

भरती-ओहोटी मागच्या कुठल्याही तारखेची काढता येते. मी त्या अकरा तारखांची, सकाळी सातची पातळी काढली आणि तुमच्या कड्यांशेजारी मांडली. अकराच्या अकरा जुळल्या. समितीत मी तो कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. आधी सही, मग आजार, मग घड्याळ. आकडेवाले गृहस्थ बराच वेळ कागदावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, "हे रचायला भरतीचं गणित यावं लागतं. तुमच्या काकांना येतं?" मी म्हटलं, "अठरा फेब्रुवारीपर्यंत त्यांना भरती असते हेच लक्षात नव्हतं." अध्यक्षबाई हसल्या. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी सही केली.

पण मला सांगायचं आहे ते निराळंच. तुम्ही वर्ष बुडवलं नाहीत. त्या काळातली भरतीच्या पाण्यातली दुसरी नोंदच आमच्याकडे नाही, कारण बाबा त्या वेळी जाळं टाकतच नव्हते. तुमच्या कागदांमुळे तेव्हाचे पाहुणे कोण आणि घरचे कोण, हे पहिल्यांदा वेगळं करता आलं. ती यादी घेऊन मी माझ्या आठ वर्षांच्या नोंदी पाहिल्या. जे सात मासे तुमच्या वेळी फक्त भरतीबरोबर आत यायचे, त्यांतले पाच आता ओहोटीच्या उभ्या पाण्यातही सापडतात. वरून नदीचं गोडं पाणी कमी येतं, खारेपणा आत सरकला आणि पाहुणे हळूहळू घरचे झाले. ही खुशीची बातमी नाही. चिखलातला लेप खरोखरच कमी झाला आहे. पण तो एका वर्षात नाही, तीस वर्षांत कमी झाला, आणि अजून आहे. गेल्या महिन्यात नऊ मिळाले. मी ते मोजून परत सोडले. हळू जाणाऱ्याला थांबवता येतं, असं बाबा म्हणायचे. आता ते निदान दाखवता येईल.

बाबांची सही मी खोडलेली नाही. अध्यक्षबाईंनी सांगितलं तसं प्रत्येक सहीखाली लाल शाईने लिहिलं : 'जाळे टाकणारा : धाकटा भाऊ.' सही खोटी होती. पण बाबा आकडे रचणारे नव्हते. काल मी दुपारी दोन तास झोपले आणि आईने उठवलं नाही.

आईवरून आठवलं. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. 'घरी सांगायचे नव्हते' या ठिकाणी ती थांब म्हणाली. मग म्हणाली, "भावोजींची विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली आणि म्हणे ग्रंथालयातून आलो. अकरा वेळा मीच धुतली." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? "दोघं भाऊ एवढ्या मेहनतीने लपवत होते. हिरमोड कशाला करायचा? त्या नावाड्याला मी सांगून ठेवलं होतं, यांना पोहता येत नाही, कमरेला दोरी बांध."

काका, तुमच्या कमरेला दोरी बांधलेली असायची?

येत्या महिन्याचं जाळं आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. आई पण म्हणते.

तुमची,
निवटी


१६ मार्च

निवटी,

होय, बांधलेली असायची. नावाडी म्हणाला होता की होडीची तशी पद्धत आहे. मी ते कागदावर टिपूनही ठेवले आहे, जुलैच्या कागदाच्या मागे पाहा : 'प्रथेप्रमाणे कमरेस दोर.' स्वतःच्या कमरेला मात्र त्याने दोर कधीच बांधला नाही. चाळीस वर्षे तर्क शिकवणाऱ्या माणसाला त्यावरून काही सुचले नाही. आता तू सुचवलेस.

तुझ्या पत्रावर मी आक्षेप शोधण्याचा प्रयत्न केला. अकरापैकी अकरा जुळणे हे योगायोगात बसत नाही. खोटे बोलणाऱ्याला जे ठाऊक असावे लागते ते मला ठाऊक नव्हते, ही गोष्ट माझ्या बाजूने उभी राहील असे मला कधी वाटले नव्हते. अज्ञान ही साक्ष होऊ शकते, यावर मी एखादे टिपण लिहावे म्हणतो. पुन्हा वाटते, नको.

दादाची सही तू ठेवलीस, हे योग्य केलेस. तिच्याखाली माझे नाव न घालता नाते घातलेस, हे त्याहून योग्य. ते काम मी नात्यानेच केले होते.

वहिनींना सांग, अकरा विजारींचे ऋण मान्य आहे. एवढी वर्षे मी ज्यांच्यापासून एक गोष्ट लपवत होतो, त्याच मला बुडू देत नव्हत्या. हे वाचून मी खुर्चीतून उठलो, खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. मला वाटते, बरे वाटणे याला म्हणत असावेत.

मी येतो. दोर तयार ठेव. किती वाजता निघायचे, ते मी विचारत नाही. पाणी उभे राहील तेव्हा तू हाक मार. घड्याळ येथेच टेबलावर ठेवून येतो आहे.

काका